अकरा नंबरचं कुलूप

मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम बघणाऱ्या जोशीबाईंना माझ्याकडून हसवणारा मजकूर हवा होता. "कदमकाका, तुम्ही इतकी वर्षं त्या जत्रेत काढलीत, तिथल्या गमतीजमती लिहा ना," असं त्या फोनवर म्हणाल्या. त्या जत्रा म्हणतात ते दिल्लीला लागून असलेलं एक मोठं मनोरंजन उद्यान. त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथे पाळण्यांच्या देखभालीचा मी फोरमन होतो. गमती आहेत, त्या लिहितो. पण खरं सांगायचं तर मला एका कुलपाबद्दल लिहायचं आहे, आणि धर्मपाल नावाच्या एका मेलेल्या माणसावर असलेला आळ काढून टाकायचा आहे. ते शेवटी येईल. जागा कमी पडली तर गमती कापाव्यात, शेवट कापू नये, ही जोशीबाईंना विनंती.

मी मिरजेचा. आयटीआय करून फिटर झालो आणि एक पाळणा उभारायला म्हणून तीन महिन्यांसाठी इकडे आलो. पाळणा उभा राहिला आणि मीही राहिलो. गाझियाबादला फ्लॅट घेतला, मुलं इथेच शिकली. घरात मराठी आणि दार ओलांडलं की हिंदी, असं आम्हा सगळ्यांचंच चाललेलं असतं. माझा धंदा बाहेरच्यांना नीट कळत नाही, म्हणून एका वाक्यात सांगतो. आमच्याकडे माणूस घाबरायला येतो, आणि त्याला घाबरायचं खरं कारण मिळू नये हे बघणं, ते माझं काम.

लोकांना वाटतं, सकाळी बटण दाबलं की पाळणे फिरायला लागतात. फाटक उघडायच्या तीन तास आधी आम्ही हजर असायचो. नट, साखळ्या, ब्रेक, पट्टे, सगळं हात लावून बघायचं. मग पहिली फेरी वाळूची पोती बसवून न्यायची. एका माणसाच्या वजनाचं एक पोतं. त्याला सीटवर बसवायचं, पट्टा लावायचा, पुढचा दांडा खाली घ्यायचा आणि सोडायचं. उंच पाळण्यावर ते दृश्य मजेचं वाटे. भूतबंगल्यात वाटत नसे. सहा डब्यांची छोटी गाडी बारा पोती घेऊन काळोखात शिरायची आणि चार मिनिटांनी दुसऱ्या दाराने बाहेर यायची, आणि दर वेळी आम्ही पोती मोजायचो. "सर, बोरियाँ उतर के कहाँ जाएँगी?" असं नवीन माणसं विचारायची. मी म्हणायचो, मोजा. ती सवय धर्मपालने लावलेली होती.

आमची भुतं फायबरची. त्यांचे हात वर-खाली व्हायचे ते मोटारींच्या काचेवरच्या वायपरला असते तसल्या मोटरवर, आणि ती मी करोल बागेतून आणायचो. तिथले दुकानदार विचारायचे, "कौन सी गाड़ी की?" मी सांगायचो, "चुड़ैल की." पहिल्यांदा ते हसले. नंतर नुसते मागच्या कपाटाकडे वळायचे.

गिऱ्हाइकांचे नमुने तर विचारू नका. एका आजोबांची कवळी सर्वांत उंच झोक्यावरून उडाली. दोन दिवसांनी ती आइस्क्रीमच्या टपरीच्या छपरावर सापडली, तेव्हा आजोबा स्वतः घ्यायला आले आणि रुमालाने पुसून तिथल्या तिथे तोंडात बसवून बघितली. एका नव्या जोडप्यातला नवरा भूतबंगल्यातून रडत बाहेर आला आणि बायकोने पुन्हा आत जायचं म्हणून हट्ट धरला, एकटीने. तक्रारवहीत एका गृहस्थांनी लिहून ठेवलं होतं, "भूत बहुत शरीफ़ है, ध्यान दें." एकदा स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी लातूरकडची दहा-बारा मुलं आली. मी सवयीने "दांडा धरा रे" म्हणालो, तर त्यांनी दांडा सोडून माझेच पाय धरले. दिल्लीत अवचित मराठी कानावर पडलं की माणसाचं असं होतं.

आणि आमचीच माणसं. वायपरची मोटर स्वतःच्या हाताने बसवणारी, भुताच्या पोटात स्क्रू आवळणारी. पण सकाळी भूतबंगल्यात पाऊल टाकताना प्रत्येक जण चौकटीला हात लावून तो कपाळाला लावायचा. मीसुद्धा लावायचो. कारण विचारलंत तर आमच्यातला एकही जण नीट सांगू शकला नसता.

आता कुलूप. पाळण्याच्या मेन स्विचला भोकं पाडलेली एक लोखंडी पट्टी असते. जो माणूस यंत्रात किंवा रुळांवर काम करायला आत जातो, त्याने स्विच खाली ओढायचा, पट्टीच्या एका भोकात स्वतःचं पितळी कुलूप अडकवायचं आणि चावी खिशात टाकायची. कुलपावर त्याचा नंबर कोरलेला असतो. तीन माणसं आत तर तीन कुलपं. शेवटचा बाहेर येऊन आपलं कुलूप काढेपर्यंत स्विच वर जात नाही. दुसऱ्याच्या कुलपाला कोणी हात लावायचा नाही, मग तो साहेब असो की साहेबाचा साहेब. आमच्या धंद्यात एवढा एकच नियम खरा आहे, बाकीचे कागदावरचे.

धर्मपाल अकरा नंबर. हापूडकडचा माणूस, माझ्याच वयाचा, गाझियाबादलाच राहायचा. बोलणं कमी. भूतबंगल्याचे रूळ तपासत आत जाताना तो हातातल्या पान्याने रुळावर ठोकत जायचा. दोन ठोके, जरा थांबून एक. ठक ठक, ठक. मी दुसऱ्या टोकाला असलो तर मी रुळावर एक ठोका मारायचा, म्हणजे ऐकलं. अंधारात हाका मारण्यापेक्षा ते बरं. हाक भिंतींवर आपटून कुठून आली ते कळत नाही, रूळ मात्र बरोबर सांगतो. आमच्या दोघांचीच ती रीत होती, इतर कोणी ती उचलली नाही.

उद्यान सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच, एका सणाच्या सकाळी, धर्मपाल भूतबंगल्यात गाडीखाली सापडून गेला. कागदावर असं आलं की कुलूप न लावता आत गेला, त्याचाच निष्काळजीपणा. त्यानंतर उद्यानात दोन गोष्टी सुरू झाल्या. एक म्हणजे हूटर. गाडी सुटायच्या आधी तो तीनदा मोठ्याने वाजायचा, आत कोणी असेल तर त्याने बाजूला व्हावं म्हणून. दुसरी म्हणजे म्हणीसारखं एक वाक्य. नव्या माणसाला कुलूप हातात देताना सांगायचं, "धर्मपाल मत बनना." सगळे सांगायचे. मीही सांगायचो, आणि वर्षानुवर्षं सांगत आलो.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना सई आली.

उद्यानाने 'शांत तास' नावाचा एक उपक्रम काढला होता. गर्दी नसलेल्या मंगळवारी सकाळी, ज्या मुलांना आवाज सोसत नाहीत त्यांच्यासाठी गाणी बंद, घोषणा बंद, भुतांच्या किंकाळ्या बंद, आत पांढरे दिवे चालू. सईच्या आईने, अनुजाने, आठवडाभर आधी फोन केला. पुण्याची मुलगी, गुरुग्रामला आयटीत नोकरी. मी मराठी आहे म्हटल्यावर तिचा आवाजच बदलला.

"काका, एक विचारू? टॉयलेटमध्ये हात सुकवायचं मशीन आहे का? ते बंद ठेवता येईल? सईला ते बिल्कुल सहन होत नाही. मॉलमध्ये त्याच्यामुळे आम्ही दोन वर्षं गेलो नाही."

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी तिला सईच्या चाकाच्या खुर्चीची रुंदी विचारली, आणि भूतबंगल्याच्या एका डब्यातलं बाक काढून खुर्ची सरळ आत चढेल अशी फळी आणि चाकं जखडणारे चाप बसवून घेतले. याचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही. तिने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. लुकलुकणारा दिवा नको, आणि हूटर नको.

हूटर मी स्वतःच्या हाताने बंद केला. त्या सकाळी वायर काढली, टोकाला टेप गुंडाळली. कुलपांची पद्धत आहेच, हूटर तर नंतर आलेला, एक तास नसला तर काय बिघडतंय, असा विचार केला. आमच्या धंद्यातला माणूसच हा विचार करू शकतो. बाहेरचा कोणी असता तर हूटरला हात लावायला घाबरला असता.

सई नऊ वर्षांची. पाय चालत नव्हते, बाकी तोंडाचा पट्टा जोरात. कानांवर आवाज अडवणारे निळे जाड कानबंद. भूतबंगल्याच्या फलाटावर आल्या आल्या तिने मला विचारलं, "काका, तुमची भुतं बॅटरीवर चालतात की प्लगवर?"

"प्लगवर."

"मग ओके. बॅटरीवाली चीजें चूं करतात."

"आजपर्यंत किती भुतं बघितलीस?"

"एक पण नाही. आमची सगळी क्लास इथे येऊन गेली. फक्त मी नाही आले. मी स्कूलच्या लायब्ररीत बसले होते." मग जरा थांबून, "मला सगळी बघायचीत. पूरी."

मी तिची खुर्ची डब्यात चढवली, चाप लावले. अनुजा शेजारी बसली. मागच्या डब्यांत आणखी चार मुलं आणि त्यांचे आईबाप. आमचे व्यवस्थापक साहेब कॅमेरेवाल्याला घेऊन उभे होते. मी स्विचच्या पट्टीकडे पाहिलं. एकही कुलूप नाही. स्विच वर. अंगठा हिरव्या बटणावर ठेवला.

तेव्हा सईने सकाळपासून पहिल्यांदाच कानबंद काढले.

"मम्मा, आत कोणीतरी आहे."

"भुतं आहेत ना बाळा, तीच तर बघायला आलोय."

"भूत नाही. कोणीतरी ठोकतंय. लोहे पे."

संगीत नसलेला भूतबंगला मी फार क्वचित ऐकला होता. एक पंखा, वायपरच्या मोटरींची घरघर, बस. मला ठोकणं ऐकू येत नव्हतं, पण त्याला फार अर्थ नव्हता. माझे कान कामाने केव्हाच अर्धे खाल्ले आहेत. "पाइप असेल," मी म्हणालो. "गरम झाला की वाजतो."

"पाइप असा नाही वाजत."

"सई, यार, प्लीज," अनुजाचा आवाज रडवेला झाला होता. "मी रजा काढून आलेय. काकांनी तुझ्यासाठी पूरा डबा बदललाय. आपण इथपर्यंत आलोय ना, आता फक्त चार मिनिटं."

"चालू नका करू," सई माझ्याकडे बघून म्हणाली.

साहेब पुढे आले. "कदम साहब, चलाइए. पीछे लोग हैं."

मला राग आला होता, हे कबूल करतो. साहेबांचा नव्हे, त्या पोरीचा. एवढं सगळं केलं आणि आता हट्ट. मी म्हणालो, "सई, डोळे मिटून दहा म्हण, तोवर पहिलं भूत येतं." अंगठा बटणावरच होता.

तिने डोळे मिटले नाहीत. मांडीवरची स्टीलची पाण्याची बाटली उचलली आणि खुर्चीच्या चाकाच्या कडीवर वाजवून दाखवली. दोन ठोके. थांबली. एक ठोका.

मी अंगठा काढला. स्विच खाली ओढला, माझं चार नंबरचं कुलूप पट्टीत अडकवलं, चावी खिशात टाकली आणि चौकटीला हात न लावताच आत गेलो.

पांढऱ्या उजेडात भूतबंगला बघू नये. काळ्या रंगाचे पोपडे, भिंतीवर चिकटवलेली च्युइंगगमं, धुळीने राखाडी झालेले केसांचे टोप. गाडीचा स्विच बंद असला तरी भुतांच्या मोटरी वेगळ्या वायरवर होत्या. त्यामुळे किंकाळी नाही, काही नाही, नुसते त्यांचे हात वर जात होते आणि खाली येत होते. मी बसवलेले हात, मी आणलेल्या मोटरी. तरी मी त्यांच्याकडे पाठ करून चालू शकलो नाही.

तिसऱ्या वळणाच्या पलीकडे, रुळांच्या मधोमध, छोट्या शिडीवर आमचा इलेक्ट्रिशियन मुकेश उभा होता. पाठ माझ्याकडे. दोन्ही हात वर, हातांत दिव्याची पट्टी, कानांत मोबाइलवरची गाणी. गाडी त्या वळणावर उताराने येते. मी खांद्याला हात लावला तसा तो शिडीवरून पडताना वाचला.

"सर? हूटर तो बजा नहीं."

"ताला कहाँ है?"

"पाँच मिनट का काम था, सर. ये वाली लाइट झपक रही थी, आपने ही तो बोला था झपकनी नहीं चाहिए."

खरं होतं. मीच म्हणालो होतो, सकाळी, चहा पिता पिता, आणि विसरलो होतो. मी विचारलं, "ठोक कौन रहा था? तू?"

"कौन ठोक रहा था?" त्याने हातातली पट्टी माझ्यासमोर धरली. "मेरे तो दोनों हाथ ऊपर थे." त्याची हत्यारांची पिशवी शिडीच्या पायाशी पडली होती आणि तिची चेन लावलेली होती.

मी ती पिशवी उचलली आणि त्याला दंडाला धरून बाहेर आणला. साहेबांनी कॅमेरेवाल्याला हाताने खूण करून बंद करायला लावलं. अनुजाने सईच्या खुर्चीची मागची दांडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मी सईपुढे खाली बसलो.

"सई, तू या माणसाचा जीव वाचवलास. हे बघ, हेच ते काका. आत होते."

तिने मुकेशकडे नीट बघितलं. मग मान हलवली.

"हे नाही. अजून वाजतंय."

"कुठे?"

"अजून आत. आणि नीचे."

आत आणि खाली म्हणजे गाडी ओढणाऱ्या यंत्राचा खड्डा. धर्मपाल तिथे सापडला होता. ही गोष्ट त्या फलाटावर फक्त मला माहीत होती. साहेब नंतरचे, मुकेश नंतरचा, आणि या आईमुलीने तर ते नावही ऐकलेलं नव्हतं.

मी मुकेशच्या पिशवीतून पाना घेतला. इतक्या लोकांसमोर, साहेबांसमोर, रुळावर वाकलो आणि एक ठोका मारला. का मारला ते त्या क्षणी मलाही सांगता आलं नसतं. हाताला माहीत होतं, एवढंच.

सईने मान कलती केली. बराच वेळ ऐकत राहिली.

"थांबलं," ती म्हणाली.

अनुजाने सुस्कारा सोडला. सई मात्र त्या काळ्या दाराकडेच बघत होती. "आता ते ऐकतायत," असं म्हणून तिने कानबंद परत लावले.

त्या दिवशी भूतबंगला चालवला नाही. पण पोरीला भुतं बघायची होती. मी चुडैल नटांसकट सोडवून हातगाडीवर घालून उन्हात आणली. सईने तिचा हात स्वतःच्या हाताने वर केला, खाली केला, आत वायपरची मोटर आहे का विचारलं, मी पाठीचं झाकण उघडून दाखवली. "शाळेत कोणी असं नाही बघितलं," ती म्हणाली. जाताना अनुजा माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी मागे सरकलो. तिला ते तुसडेपणाचं वाटलं असेल. पाया पडून घेण्याच्या लायकीचा मी नव्हतो.

पुढचे आठ दिवस मी तो खड्डा उपसून काढला. हवेची नळी तपासली, झडपा, पट्टे, पंख्याच्या जाळ्या. वाजू शकेल असं बरंच होतं. दोन आणि एक असं वाजेल, असं काही सापडलं नाही. हूटरची वायर मी त्याच दिवशी परत जोडली आणि शांत तासाला भूतबंगला बंदच ठेवायचा असं लिहून दिलं. कारणाच्या रकान्यात 'तांत्रिक' लिहिलं. सकाळच्या फेरीला पोती मात्र मी दोनदा मोजू लागलो. बारा भरली की मी शेवटच्या डब्याच्या मागेही बघायचो.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

त्या सणाच्या सकाळी फाटकाबाहेर गर्दी लोटली होती. भूतबंगल्याच्या पट्टीत अकरा नंबरचं कुलूप लटकत होतं. त्या महिन्यात धर्मपाल दोनदा कुलूप तसंच ठेवून घरी गेला होता आणि चावीसाठी माणूस पाठवावा लागला होता. त्या दिवशी स्टँडवर त्याची स्कूटर दिसेना. ती बिघडली होती आणि तो बसने आला होता, हे मला नंतर कळलं. मी दारातून एक हाक मारली. एकच. हाक भिंतींवर आपटून परत आली. रुळावर एक ठोका मारला असता तर त्याने उत्तर दिलं असतं. पाना माझ्या हातात होता. तेव्हाचे साहेब मागून म्हणाले, "कदम, पीछे लोग हैं." मी मोठा कटर आणला आणि कुलपाची कडी कापली. कापलेलं कुलूप खिशात टाकलं, स्विच वर केला, बटण दाबलं.

चौकशीत मला एकच प्रश्न विचारला गेला. "ताला लगा था?" मी म्हणालो, "मैंने नहीं देखा." एवढंच माझं खोटं. मी तेव्हा तिशीत होतो, घरी लहान मूल होतं, ही कारणं मी स्वतःला फार वर्षं सांगितली. कुलूप माझ्या हत्यारांच्या पेटीत तळाशी चिंधीत गुंडाळून होतं. आणि मी नव्या माणसांना सांगत होतो, धर्मपाल मत बनना.

त्याची बायको कमला माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर राहते. भाजी बाजारात ती समोरून दिसली की मी गल्ली बदलायचो. निवृत्त झाल्यावर मला वाटलं होतं की हे आपोआप पुसट होईल. उलट झालं. कामावर असताना आवाजात दिवस जायचे. घरी दुपारी सगळं शांत झालं की सई आठवायची. आता ते ऐकतायत. काय ऐकायला थांबला होता तो, हे मला चांगलं माहीत होतं.

गेल्या महिन्यात दुपारी मी कुलूप घेऊन गेलो. कमलाभाभी शिवणयंत्रावर बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, बसलो असतो तर सांगता आलं नसतं. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग कमरेचा चाव्यांचा जुडगा काढला. घराची, कपाटाची, ट्रंकेची चावी, आणि त्यांत एक छोटी पितळी चावी, तिच्यावर अकरा.

"उस दिन अस्पताल में मुझे घड़ी मिली, रूमाल मिला और ये चाबी मिली," त्या म्हणाल्या. "मैं सबसे पूछती रही, चाबी जेब में है तो ताला कहाँ है? वो तो घर में रोज़ कहते थे, ताला मशीन पर, चाबी जेब में. अगर नहीं लगाया था तो दोनों साथ मिलने चाहिए थे ना, भाईसाहब?"

इतकी साधी गोष्ट. आमच्या एकाही शिकलेल्या साहेबाने चौकशीत ती विचारली नव्हती. त्यांनी कापलेलं कुलूप हातात घेतलं, चावी घातली, फिरवली. गंज चढला होता तरी आतून खट् झालं.

"ताला तो ठीक है," त्या म्हणाल्या. "सिर्फ़ कटा हुआ है."

मी माफीचं काहीतरी पुटपुटायला लागलो. त्यांनी हाताने थांबवलं. "माफ़ी मत माँगिए, मुझसे दी नहीं जाएगी. जहाँ आपके लोग पढ़ें, वहाँ लिखिए."

उद्यानाच्या कचेरीला मी हिंदीत पत्र पाठवलं आहे, त्याची एक प्रत कमलाभाभींकडे आहे. उत्तर आलेलं नाही. माझे लोक म्हणजे तुम्ही. या मंडळात गणपतीच्या आरतीला मी पुढे उभा राहिलो, इथे माझा सत्कार झाला, सईची आईही हा अंक घेते. म्हणून हे इथे लिहिलं.

कुलूप आता चावीजवळ आहे, कमलाभाभींच्या घरी. लिहिताना मी मधेमधे पेन थांबवून ऐकतो. माझे कान गेलेले आहेत, मला काही ऐकू येत नाही. पण तो ऐकत असेल तर त्याला त्याच्या भाषेत सांगतो.

धर्मपाल, ताला लगा था. मैंने काटा.